बर्फावर फोडलेला नारळ

जुलैचा शेवटचा शनिवार, सकाळचे दहा. हजर: केव्हिन, क्लबचा अध्यक्ष आणि आमच्या संघाचा कप्तान. बाबा, म्हणजे विनायक, बर्फाची जबाबदारी त्यांची. हेमी, झाडूवर. मी, दुसऱ्या झाडूवर, वय सतरा. आई, म्हणजे सुधा, क्लबची सचिव, काचेपलीकडे चहाच्या टेबलापाशी. ऑकलंडहून आलेले चार पाहुणे खेळाडू. बाकी सभासद अकरा. त्यांची नावं माझ्याकडे आहेत, पण इथे लागणार नाहीत. पूर्वसूचना देऊन गैरहजर: कोणी नाही. त्या दिवशी बाराच्या सुमारास हेमीचा डावा डोळा गेला. तो माझ्या बाबांनी फोडला, आणि त्यामागचं कारण मी होते. क्लबच्या इतिवृत्तात हे नाही, म्हणून इथे लिहिते.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी चार ओळी. कर्लिंग बर्फावर खेळतात. वीसेक किलोचा, वर मूठ बसवलेला ग्रॅनाइटचा गोल दगड एका टोकाकडून सोडायचा. तो हळूहळू फिरत, घसरत जाऊन लांबवरच्या रंगीत वर्तुळात थांबायला हवा. त्या वर्तुळाला घर म्हणतात. दगडाच्या पुढे दोघं जण झाडूनं बर्फ घासत धावतात, म्हणजे दगड लांब आणि सरळ जातो. पंच नसतो. धावताना झाडू दगडाला लागला, तर ज्याचा लागला त्यानं आपणहून हात वर करून सांगायचं, कोणी पाहिलेलं नसलं तरी. सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे. शेवटी सगळ्यांनी सगळ्यांचे हात हातात घ्यायचे, आणि जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना बसवून प्यायला द्यायचं. इतका सभ्य खेळ मी दुसरा पाहिलेला नाही. इतकं रक्तही मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेलं नाही.

आमचा बर्फ होता हॅमिल्टनच्या बाहेर, एका बंद पडलेल्या कत्तलखान्यात. इथे त्याला फ्रीझिंग वर्क्स म्हणतात. नाव ऐकून बाबा पुण्याहून आल्या आल्या खूश झाले होते, कारण ते शीतयंत्रांचे इंजिनियर आणि त्यांना वाटलं इथे आपल्याच धंद्याची माणसं भेटणार. भेटला केव्हिन. त्यानं उमेदीची सगळी वर्षं तिथे मेंढरं कापली होती, उजव्या हाताची करंगळी अर्धी त्याच कामात गेली होती, आणि कारखाना बंद झाल्यावर त्याला एकच गोष्ट सुचली होती: जिथे मांस टांगत होते त्या थंडगार लांब खोलीत बर्फ जमवायचा आणि आजोबांचा खेळ खेळायचा. बाबा दुधाच्या कारखान्यात नोकरीला होते. शनिवार-रविवार खपून त्यांनी तिथला मेलेला कॉम्प्रेसर जिवंत केला. छताखालच्या लोखंडी रुळाला मांस टांगायचे आकडे तसेच होते. मोठा कॉम्प्रेसर सुरू झाला की ते एकमेकांवर बारीक आपटत, आणि किणकिण आवाज येई. नवीन सभासद वर बघून विचारत, केव्हिन आनंदानं सांगे. "इथून आत यायची, बघ, अशी उलटी, आणि मी इथे उभा." तो करंगळी नसलेला हात गळ्यावरून असा फिरवी की चहाबरोबरचा चीज स्कोन हातात धरलेली माणसं तो खाली ठेवत.

हेमीही तिथलाच. तो हाडापासून मांस सोडवण्याचं काम करायचा. केव्हिनपेक्षा दहा वर्षांनी लहान, रुंद खांद्यांचा, बोलणं कमी. मला झाडू धरायला त्यानंच शिकवलं. पहिल्या दिवशी मी दात-ओठ खाऊन घासत होते, तो शेजारी धावत म्हणाला, "झाडूवर वजन टाक, गर्ल. राग नको टाकू. राग हलका असतो, त्यानं बर्फाला काही होत नाही." त्याला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

क्लब चालवायची आई. अध्यक्ष केव्हिन असला तरी त्याचं काम एवढंच की मोठ्यानं बोलायचं. आईच्या याद्या फ्रिजवर असत, चुंबकाखाली, एकावर एक. चहा कोणाचा, दारं कोण उघडणार, दगड कोण पुसणार. दोन शनिवार जो आला नाही त्याला मंगळवारी संध्याकाळी फोन, आणि फोनवर खेळाविषयी एक शब्द नाही, आधी गुडघा कसा आहे, मग मुलगी बाळंत झाली का, आणि शेवटी, "तुमच्या वाटणीचे दगड पुसायचे राहिलेत हो." माणूस धावत यायचा. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी एक काम द्यायचं, असा तिचा नियम. पाहुण्याला वाढायचं, घरच्याला भांडी घासायला लावायची, म्हणजे तो घरचा होतो. आज मी त्या क्लबची सचिव आहे, फ्रिजच्या जागी व्हॉट्सॲप आहे, ऑकलंडच्या बॉटनी डाउन्सहून दीड तास गाडी हाकत आयटीतली मराठी मुलं बायकापोरांसकट येतात, ती पोरं मराठीत विचारलेल्याचं इंग्रजीत उत्तर देतात, पण मंगळवारचा फोन मी सोडलेला नाही. सभासद टिकवण्याबद्दल लोक मला सल्ला विचारतात. मी आईचं सांगते, नाव माझं होतं.

आता घर. घरी याद्या वेगळ्या होत्या, त्या कागदावर नव्हत्या. मोटारीचं दार कसं बंद होतं त्यावरून मला कळायचं. हलकं बंद झालं तर जेवण. जोरात झालं तर मी ताटं स्टीलची काढायची, काचेची नाही. बाबा बाहेर कोणाशी आवाज चढवून बोलले नाहीत. कारखान्यात त्यांना 'जेंटलमन विन' म्हणत. तो सगळा न चढवलेला आवाज ते घरी आणायचे. आमटीत मीठ, फोनचं बिल, माझे गुण, आईचं हसणं, कुठूनही सुरू व्हायचं. आधी शांतता, मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज, मग तळहाताचा. स्टीलच्या डब्यांना पोचे होते. आई पोचा भिंतीकडे करून डबा ठेवायची. स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी दोनदा बदलली. मला मार बसला तो बोटांवर मोजण्याइतका. तिला किती, ते मी मोजलं होतं, पुढे एका आकड्यावर थांबले आणि ती वही जाळली. आई बारा महिने लांब बाह्यांचं घालायची. क्लबात कोणाला नवल वाटलं नाही, तिथे सगळेच कुडकुडत असत.

एक गोष्ट बाबा कधी मारत नसत, ती म्हणजे बर्फ. शनिवारी पहाटे जाऊन ते त्यावर गरम पाण्याचे थेंब शिंपडत, पाठीवर टाकी, हातात झारी, मागे मागे चालत, एका लयीत. ते थेंब गोठून बारीक पुरळ उठतं, त्याच्यावरूनच दगड वाहतो. मग पात्यानं त्याची टोकं उडवायची. त्या वेळी त्यांचा चेहरा देवघरात असल्यासारखा. केस, धागा, बुटाखालचा वाळूचा कण, काहीही बर्फावर पडलं आणि दगडाच्या पोटाखाली आलं तर दगड एकदम अडखळतो आणि वाकडा जातो. म्हणून बाबांचा कायदा: बर्फावर लोकर नाही, खाणं नाही, मोकळे केस नाहीत. "माझ्या बर्फावर फुलाची पाकळी दिसली ना," ते म्हणायचे, आणि वाक्य पुरं करायचे नाहीत. क्लबातली माणसं हसायची. आम्ही दोघी हसायचो नाही.

त्या जुलैत तीन आठवड्यांत तीन अपघात झाले. एका म्हाताऱ्याची बोटं दोन दगडांच्या मध्ये चिरडली. एक बाई घसरून पडली, मनगट मोडलं. आणि तिसऱ्या शनिवारी वरचा एक आकडा, इतकी वर्षं लटकलेला, सुटून खाली आला आणि केव्हिनच्या खांद्याला घासून बर्फात रुतला. केव्हिन म्हणाला, "मेंढ्यांनी नेम धरला, पण चुकला." सगळे हसले. आई हसली नाही. घरी आल्यावर कणीक मळता मळता म्हणाली, "इतके जीव गेलेत त्या जागेत. कोणी एक दिवा तरी लावला का? आपण नाचतोय तिथे. शांत करायला हवं."

"कशानं?" बाबा पेपरामागून म्हणाले.

"नारळ फोडू. ऑकलंडचे लोक यायच्या आधी."

पेपर खाली आला. "बर्फावर?"

"उंबऱ्यावर हो. बाहेर."

"त्या इमारतीत नारळ जाणार नाही. शेंडी गळते त्याची. समजलं? जाणार नाही." आणि त्यांनी पोळपाटाची कड हातात धरून पोळपाट ओट्यावर एकदाच आपटला. पीठ उडालं. विषय संपला.

आईचा नव्हता संपला. फिजीहून आलेल्या एका माणसाची डेअरी, म्हणजे किराण्याचं दुकान, होती आमच्या कोपऱ्यावर, दूध-ब्रेडबरोबर तो नारळही ठेवायचा. शनिवारी सकाळी बाबा बर्फ तयार करून घरी आंघोळीला आले होते, तेव्हा आईनं माझ्या पिशवीत नारळ घातला, वर टॉवेल. "तू पुढे सायकलवर जा, चहाचं पाणी लाव. बाहेरच्या पायरीवर फोड, दोन थेंब दाराला लाव, वाट्या गुंडाळून घेऊन ये. आत न्यायचा नाही. अपू, ऐकतेस ना? आत नाही."

मी ऐकलं होतं. पण बाहेर आमच्या वायकाटो भागातला आडवा पाऊस पडत होता, आणि कारखान्याच्या बाहेरची पायरी लाकडाची, कुजलेली. दोनदा आपटला, लाकडाचीच ढलपी निघाली. नारळाला काही नाही. मी भिजले होते, थंडीनं हात कळत नव्हते, आणि साडेनऊला माणसं यायला लागणार होती. दार उघडून आत गेले. बर्फाच्या टोकाला दगड ओळीनं मांडलेले होते, पुसून चकचकीत. ग्रॅनाइट. मी दोन्ही हातांनी नारळ उचलला आणि पहिल्या दगडाच्या पाठीवर मारला. एका घावात दोन भकलं झाली. काय समाधान वाटलं! आजही त्या आवाजाची आठवण मला गोड वाटते, हे लिहायला लाज वाटते. पाणी दगडावरून ओघळून बर्फावर आलं. मी रुमालानं टिपलं, वाकून शेंड्या वेचल्या, एकेक, मोजून, जणू किती होत्या ते मला आधी ठाऊक होतं. मग दाराला पाणी लावलं, आणि माझ्या समजुतीनं जागा शांत झाली.

सामना सात फेऱ्या बरोबरीत चालला. तो एक धागा सात फेऱ्या कुठे होता कोण जाणे. कुठल्या तरी दगडाला चिकटून फिरत असेल. आठव्या फेरीचा शेवटचा दगड केव्हिनचा. तो घरात थांबला तर आम्ही जिंकणार. बाबा घरात उभे, झाडू रोवून खूण दाखवत. केव्हिननं दगड सोडला आणि मागून ओरडायला लागला, "घासा! घासा!" हेमी डावीकडे, मी उजवीकडे. दगड सुंदर येत होता. घराच्या अलीकडे दोन हातांवर तो एकदम थबकला, एखाद्या माणसाचा पाय चटईत अडकावा तसा, आणि हेमीच्या बाजूला वळून बाहेर जाऊन थांबला. आम्ही हरलो.

मी वाकले. दगडाच्या वाटेवर एक तपकिरी धागा होता, बोटाच्या पेराएवढा. काथ्या. मी ओल्या हातमोज्यानं तो उचलला. कोणी पाहिलं नाही, सगळे हेमीकडे पाहत होते.

"लागला ना झाडू?" केव्हिन घसरतच आला. हसत होता, पण दात दिसतील एवढंच. "सांगून टाक, मेट. सांग, हात मिळवू, बिअर पिऊ."

"नाही लागला," हेमी म्हणाला.

"दगड तुझ्याकडे वळला."

"अडखळला. बर्फावर काहीतरी आहे."

पाहुण्यांपैकी एक म्हणाला, "जाऊ दे ना, चांगला खेळ झाला." केव्हिननं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "या क्लबात आजपर्यंत कोणी लपवलेलं नाही, हेमी. हरलो त्याचं काही नाही. तू फक्त बोल."

"जे केलं नाही ते कसं बोलू?" हेमी बाबांकडे वळला. आवाज साधा होता, मदत मागितल्यासारखा. "विन, तू तिथेच होतास. बघ ना जरा. बर्फावर काहीतरी आहे तुझ्या."

मला बोलता आलं असतं. मूठ उघडायची होती, एवढंच. मी बाबांकडे पाहिलं आणि मला कळलं की मूठ उघडली तर हेमी सुटेल, आणि संध्याकाळी घरी मोटारीचं दार जोरात बंद होईल, आणि ते सगळं आईवर जाईल, कारण नारळ तिचा. मी धागा तोंडात टाकला. चावला. काथ्याला काही चव नसते. तो जिभेखाली धरून मी उभी राहिले.

"माझ्या बर्फावर?" बाबा मराठीत म्हणाले. अगदी हळू. "माझ्या बर्फावर काहीतरी आहे?" आणि झाडू उलटा झाला. पहिला फटका हेमीच्या कानशिलावर बसला, दांड्याचा, आडवा. हेमी हात वर करायच्या आत दुसरा. तिसरा डोळ्यावर. एखादं लाकूड ओलं असताना मोडावं तसा आवाज आला. हेमी गुडघ्यावर आला, मग कुशीवर, आणि बाबा वरून मारत राहिले, पाठीवर, मानेवर, चेहरा झाकलेल्या हातांवर, आणि दर फटक्याला तेच वाक्य. मला त्यातला प्रत्येक हात ओळखीचा होता. खांदा आधी कसा मागे जातो, श्वास कुठे सुटतो, ते सगळं. पंधरा माणसं पहिल्यांदा बघत होती. मी नव्हे.

केव्हिननं बाबांना मागून धरलं. बाबांनी कोपर मारलं, केव्हिनचं नाक फुटलं. मग केव्हिननं, ज्यानं जन्मभर मेंढरं कापायचं काम केलं होतं, बाबांच्या पोटात एकच गुद्दा घातला, मोजून, आणि बाबा वाकले, पण झाडू सुटला नाही. कोणीतरी घसरून दगडावर आपटलं, दगड सुटला, दुसऱ्या कोणाच्या घोट्यावर गेला, किंचाळी. बुटाखाली पकड नसलेली माणसं भांडतात ते दृश्य लांबून विनोदी दिसत असेल. जवळून नव्हतं. वरचे आकडे किणकिणत होते. बर्फावर रक्त पसरत नाही. पडतं तिथे पळभर वाफ येते आणि ते थिजतं. बाबांचा झाडू पुन्हा वर गेला होता तेव्हा आई बर्फावर आली. साडी नव्हती, पँट, लांब बाह्यांचा स्वेटर, पायात घरचे कॅनव्हासचे बूट. ती घसरली नाही. हेमीच्या आणि झाडूच्या मध्ये येऊन उभी राहिली, आणि घरात बोलते त्याच आवाजात म्हणाली, "अहो, लोक आहेत."

झाडू खाली आला.

हे तीन शब्द मी आयुष्यात विसरलेले नाही. 'थांबा' नाही म्हणाली, 'मारू नका' नाही. त्यांना कशानं थांबवता येतं ते तिला नेमकं ठाऊक होतं.

हेमीनं इस्पितळात सांगितलं की बर्फावर पडलो. गालाचं हाड मोडलं होतं, डोळा नंतर आलाच नाही. पोलीस आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा एकटे गेले आणि लाल बर्फ पात्यानं खरवडून काढून नवीन पाणी घालून आले. घरी येऊन म्हणाले, "डाग राहिला नाही." त्याच सकाळी, ते बाहेर असताना, मी आईला सगळं सांगितलं. ती पोहे भिजवत होती. हात पाण्यात तसेच राहिले. मग म्हणाली, "हे वाक्य पुन्हा उच्चारायचं नाही. ना इथे, ना तिथे." पुढच्या शनिवारी समितीची बैठक झाली. हेमीचा झाडू दगडाला लागला, त्यानं ते कबूल केलं नाही, आणि बर्फाबद्दल खोटा आरोप केला, सबब सभासदत्व रद्द. बाबांना ताकीद. केव्हिन रडत होता, त्याचा तो जुना मित्र. इतिवृत्त आईनं लिहिलं, तिच्या सुरेख, तिरप्या अक्षरात. त्या दिवसापासून कित्येक वर्षं मला आईचा राग होता. बाबांचा नव्हता, तो वेगळा विषय. आईचा. कारण तिला ठाऊक होतं आणि तिनं लिहिलं.

आई गेली त्याला काही वर्षं झाली. बाबा माझ्याकडे असतात, ऐंशी ओलांडली, हात कापतात, रोज चार वाजता सफरचंदाच्या फोडी लागतात. सालं काढलेल्या. जुन्या सभासदांच्या याद्या संगणकावर घालायचं काम मी या हिवाळ्यात काढलं. जे आहेत त्यांना बोलवायचं, जे सुटले त्यांना फोन. ह अक्षराशी आले आणि तीन मंगळवार पुढे गेले नाही. मग परवा, फोन न करता, गाडी काढून हंटलीला, हेमीच्या गावी, गेले.

हेमी अंगणात खुर्चीवर बसून कुमरा, म्हणजे इथली रताळी, सोलत होता. सालं बादलीत, रताळी पातेल्यात. डावी पापणी मिटलेली. "कीया ओरा," माओरी नमस्कार करत म्हणाला, आणि उजवा डोळा बारीक करून, "तू झाडूवर फार राग टाकायचीस."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नारळ, पाऊस, धागा, तोंडात टाकला ते. यादी वाचावी तसं, एक, दोन, तीन. मला दुसऱ्या रीतीनं बोलता येत नाही. तो सोलत राहिला.

"ठाऊक आहे," म्हणाला.

"काय?"

"तुझी आई आली होती. मी इस्पितळातून घरी आलो त्याच आठवड्यात. बसनं. डबा घेऊन, पिवळं काहीतरी, शेंगदाणे घातलेलं. चांगलं होतं." त्यानं सुरी पुसली. "म्हणाली, नारळ माझा, मुलगी माझी, तुझा काही दोष नाही. पोलिसात जायचं तर जा, मी येऊन साक्ष देते. फक्त विनला कारण कळू देऊ नकोस, एवढं कर. मी म्हटलं, माझा डोळा गेला, सू, माझं नाव गेलं, आणि कारण मी सांगायचं नाही? तेव्हा तिनं बाही वर केली."

मी बादलीतल्या सालांकडे पाहत होते.

"दोन्ही बाह्या," तो म्हणाला. "मग काय बोलणार? मी म्हटलं, जा घरी. सगळ्यांना सांग मीच केलं. तेव्हापासून दुकानात गेलो तरी लोक म्हणतात, हाच तो, दगडाला झाडू लावून गप्प बसलेला. माझ्या बहिणीनंसुद्धा विचारलं. केव्हिन मेला, मी मातीला गेलो नाही, त्यालाही आवडलं नसतं." एवढं तो रागानं बोलला, आणि तो राग हलका नव्हता. "त्याला माहीत आहे? विनला?"

"नाही."

"तुझी आई आता नाही."

"नाही."

"म्हणजे आता मार कोणाला बसणार आहे?"

त्यानं दुसरं रताळं उचललं. "मला कागदावरचं काही नको, तुमचं ते इतिवृत्त नको. त्याला इथे आण. त्यानं या खुर्चीसमोर उभं राहून म्हणावं, बर्फावर काहीतरी होतं. बस. मी सत्त्याहत्तरचा आहे, गर्ल. फार वेळ लावू नकोस."

आज सकाळी यादी केली, बारा कामं. दगडांच्या मुठी घट्ट करणं. नवीन चार कुटुंबांना चहाच्या पाळ्या देणं. कॉम्प्रेसरवाल्याला फोन. आकड्यांच्या रुळाची तपासणी. चार वाजेपर्यंत अकरा झाली. बाराव्याला मी फक्त 'बाबा' लिहिलं होतं. सफरचंद कापून ताटली घेऊन त्यांच्यासमोर बसले. ते खिडकीतून बाहेर बघत होते, म्हणाले, "बर्फ कसा आहे यंदा?" मी म्हटलं, "बरा आहे." मग म्हटलं, "बाबा, तुम्हाला एक सांगायचंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात उचलला.

फोड घ्यायला उचलला होता. पण माझा खांदा त्याआधी कानाशी गेला, डोळे मिटले, ताटली हातातून सुटली. त्यांनी वाकून, थरथरत्या बोटांनी, खालची एकेक फोड वेचली, आणि विचारलं, "काय सांगत होतीस?"

"काही नाही," मी म्हटलं.

बारावं काम उद्याच्या यादीत पहिलं लिहिलं आहे.